स्टारफील्डची कथा कुठे रेंगाळते आणि कुठे गुंडाळली जाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टारफील्डच्या कथेबद्दलचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. ज्यांनी तो मन लावून खेळला, त्यांच्याकडूनच ते जास्त येतात, कारण अपेक्षाही त्यांच्याच मोठ्या होत्या. माझ्याही होत्या. हा गेम मला आवडायला हवा होता आणि त्यातले काही तास मला खरोखर आवडलेही. म्हणूनच बाकीच्या तासांचं वाईट वाटतं आणि त्याबद्दल नीट बोलावंसं वाटतं. ज्या प्रश्नाच्या उत्तरात कथेतलं रहस्य फोडावं लागलं आहे, त्या प्रश्नापुढे ‘स्पॉयलर’ असं लिहिलं आहे.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: हा गेम नेमका कशाबद्दल आहे?

बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा विज्ञानकथेवरचा रोल-प्लेइंग गेम ६ सप्टेंबर २०२३ रोजी विंडोज पीसी आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांवर आला. घोषणा २०१८ सालीच झाली होती. मधे ११ नोव्हेंबर २०२२ ही तारीख ठरली आणि मग ती पुढे ढकलली गेली. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड. एल्डर स्क्रोल्स आणि फॉलआउट या दोन विश्वांत वर्षानुवर्षं रमलेल्या या स्टुडिओने पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच पूर्णपणे नवीन विश्व उभं केलं, हे त्याचं मोठं आकर्षण होतं.

काळ २३३० सालचा. पृथ्वी ओसाड पडली आहे आणि माणसं दूरदूरच्या ताऱ्यांभोवती वस्ती करून राहतात. तुम्ही एक साधे खाणकामगार. एका विचित्र धातूच्या तुकड्याला हात लागतो, डोळ्यांपुढे काहीतरी अद्भुत चमकतं आणि ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचा शोधकांचा छोटा गट तुम्हाला सामावून घेतो. पुढे असे तुकडे गोळा करायचे आणि ते कोणी, कशासाठी घडवले याचा माग काढायचा.

सुरुवात इतकी घाईची का वाटते?

कारण ती घाईचीच आहे. वेक्टेरा या चंद्रावरच्या खाणीत तुम्ही काम करत असता. तुकडा सापडतो, तुम्ही बेशुद्ध पडता. शुद्धीवर येताच बॅरेट नावाचा एक हसतमुख गृहस्थ यानातून उतरतो. त्याच्या मागोमाग क्रिमसन फ्लीटचे चाचे येतात, छोटी चकमक होते. ती संपताच बॅरेट आपलं घड्याळ, आपलं यान आणि वास्को हा यंत्रमानव तुमच्या हवाली करतो आणि स्वतः तुमच्या जागी खाणीत थांबतो. तुमची त्याची ओळख जेमतेम काही वाक्यांची!

यान हातात येणं हा अशा गेममधला सगळ्यात मोठा क्षण असायला हवा. इथे ते मागावं लागत नाही, कमवावं लागत नाही, चोरावंही लागत नाही. खाणीतले तुमचे दिवस कसे होते, लिन आणि हेलर या सहकाऱ्यांशी तुमचं काय नातं होतं, हे कळायच्या आत तुम्ही तिथून निघालेले असता. मग ‘साध्या कामगाराचा अवकाशवीर झाला’ हे केवळ कागदावर राहतं. दोन तास त्या खाणीत ठेवलं असतं, एक-दोन पाळ्या करायला लावल्या असत्या, लिनची बोलणी ऐकवली असती, तरी निरोपाला वजन आलं असतं.

काही जण म्हणतात गेम फार संथ आहे, काही म्हणतात कथा पळवली आहे. खरं काय?

दोन्ही खरं, आणि माझ्या मते मुळातली खोट इथेच आहे. या गेममध्ये घडामोडी घाईत उरकतात आणि हेलपाटे मात्र सावकाश घालावे लागतात. ज्या प्रसंगावर थांबायला हवं तो दोन संवादांत संपतो. जे काम एकदा केलं की पुरे, ते पुन्हा पुन्हा करायला लावलं जातं.

त्यामुळे रहस्य एकीकडे आणि तुमची मेहनत दुसरीकडे, अशी फारकत होते. तुम्ही जे करता त्यातून रहस्य उलगडत नाही. तुम्ही तुकडे आणून देता, आणि मग कोणीतरी समोर उभं राहून रहस्य तोंडी सांगतं. मुख्य कथा साधारण वीस-पंचवीस तासांत होते, म्हणजे लांबीची तक्रार मुळात नाहीच. त्या तासांत काय भरलं आहे, त्याची तक्रार आहे.

लोडिंग स्क्रीनचा कथेशी काय संबंध? ती तर तांत्रिक गोष्ट झाली.

संबंध थेट आहे. याच स्टुडिओच्या स्कायरिम या जुन्या गेममध्ये एका गावाहून दुसऱ्या गावी निघालात की वाटेत गुहा लागायची, भांडणारे दोन प्रवासी भेटायचे, पडक्या झोपडीत कोणाची तरी डायरी सापडायची. मुख्य काम बाजूला राहून तीन भलत्याच गोष्टी करून तुम्ही रात्री उशिरा मुक्कामी पोहोचायचात. या स्टुडिओची गोष्ट सांगण्याची खरी ताकद वाटेत होती.

स्टारफील्डने वाटच काढून टाकली. नकाशा उघडा, तारा निवडा, ग्रह निवडा, उतरायची जागा निवडा. मधे काळा पडदा किंवा यान उतरल्याचं छोटं दृश्य. अनेकदा यानाच्या खुर्चीत बसायचीही गरज पडत नाही, मेनूतूनच एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाता येतं. अवकाशात काही भेटी होतात, त्यातल्या काही गमतीशीरही आहेत. एक आजी आपल्या यानातून हाक मारते आणि तुम्हाला जेवायला बोलावते, ती भेट मला फार आवडली. पण अशा भेटी सुट्या सुट्या राहतात. एखादी गोष्ट ऐकून तिचा विचार करत पुढच्या ठिकाणी चालत जाण्याचा जो वेळ असतो, तोच इथे मिळत नाही. म्हणून ताण साचत नाही आणि सुटतही नाही.

मंदिरांबद्दल सगळे इतके वैतागून का बोलतात?

पहिलं मंदिर पाहताना कोणीच वैतागत नाही, उलट भारावून जायला होतं. ओसाड माळावर एक प्रचंड काळपट वास्तू उभी असते. जवळ जाताना स्कॅनर बिघडल्यासारखा थरथरतो. आत शिरलं की गुरुत्वाकर्षण नाहीसं होतं, मधोमध मोठी कडी फिरत असतात, संगीत चढत जातं. हवेत चमकणारे प्रकाशाचे पुंजके उमटतात. तरंगत जाऊन त्यांना स्पर्श करायचा, दर वेळी कडी जोरात फिरू लागतात, आणि शेवटी त्यांच्यामधून आरपार गेलात की तुम्हाला एक अलौकिक शक्ती मिळते.

दुसरं मंदिर अगदी असंच. तिसरंही. अशा शक्ती एकूण चोवीस आहेत आणि चोवीस वेळा तोच खेळ, तेच पुंजके, तीच कडी, तेच संगीत. बाहेर पडलात की अनेकदा एक रखवालदार चालून येतो, तोही त्याच प्रकारचा. जायचं कुठे हे कॉन्स्टेलेशनचा व्लादिमिर ‘आय’ या अवकाशस्थानकावरून सांगणार, मग उतरा, माळावरून चाला, तरंगा, परत या. या शक्ती शेवटच्या, म्हणजे दहाव्या पातळीपर्यंत न्यायच्या असतील तर दहा विश्वांत हे सगळं करायचं. म्हणजे २४० मंदिरं.

विज्ञानकथेत विस्मय हेच भांडवल असतं. ज्या जागेत तो सर्वांत जास्त जाणवायला हवा, तीच जागा एवढ्या वेळा जशीच्या तशी दाखवली, याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे. चोवीसपैकी पाच मंदिरं वेगवेगळी असती आणि बाकीची नसतीच, तरी कथा आजच्यापेक्षा कितीतरी भरीव वाटली असती.

(स्पॉयलर) म्हणजे मूळ कल्पनाच कमकुवत आहे का?

अजिबात नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. सगळे तुकडे जोडले की ‘युनिटी’ नावाच्या जागी पोहोचता येतं. तिथून दुसऱ्या विश्वात जन्म घेता येतो. असे विश्वामागून विश्व ओलांडणारे ते ‘स्टारबॉर्न’. त्यांच्यातला हंटर कित्येक विश्वं पाहून इतका निर्ढावला आहे की माणसांचे जीव त्याला क्षुल्लक वाटतात. एमिसरीला वाटतं, या जागेवर पहारा हवा, कोणीही उठून तिथे जाता कामा नये. एमिसरीचं शिरस्त्राण उतरतं तेव्हा आतून तुमच्याच मेलेल्या साथीदाराचा चेहरा समोर येतो. आणि न्यू अटलांटिस या शहरातले शांत, मायाळू धर्मोपदेशक कीपर अक्विलस हे हंटरचंच वय झालेलं, शस्त्र खाली ठेवलेलं रूप निघतं.

हे सगळं कागदावर उत्तम आहे. पण अक्विलस आणि हंटर यांच्यात जे अंतर आहे, तो प्रवास आपल्याला पाहायला मिळत नाही. ‘यात्रेकरू’च्या, म्हणजे अक्विलसच्याच, जुन्या चिठ्ठ्या एका ठिकाणी फिरून गोळा करायच्या आणि वाचायच्या, एवढंच. पृथ्वीच्या विनाशाचंही तसंच. ज्या ग्रॅव्ह ड्राइव्हमुळे माणूस ताऱ्यांपर्यंत पोहोचला, त्याच्याच सुरुवातीच्या प्रयोगांनी पृथ्वीचं चुंबकीय कवच नष्ट केलं. व्हिक्टर ऐझा या शास्त्रज्ञाला ते ठाऊक होतं. केवढा हादरा आहे हा! तो नासाच्या धुळीत बुडालेल्या केंद्रात जुन्या नोंदींमधून कळतो. तुम्ही तिथून बाहेर पडता आणि शहरांमधलं जनजीवन जसंच्या तसं चालू असतं. ज्यांच्या पूर्वजांचं घर गेलं, त्या लोकांपर्यंत ही बातमी पोहोचवण्याचा आणि त्याचे परिणाम पाहण्याचा काही मार्ग कथेत नाही.

(स्पॉयलर) ‘फर्स्ट काँटॅक्ट’ या मिशनबद्दल इतकी चर्चा का होते?

कारण त्यात गेमचं सामर्थ्य आणि दौर्बल्य एकाच तासात दिसतं. पोरिमा २ या ग्रहाभोवती एक अनोळखी यान घिरट्या घालतं आहे. खाली पॅराडायसो नावाचं श्रीमंतांचं रिसॉर्ट. यान उत्तर देत नाही म्हणून तुम्हाला पाठवलं जातं. आत गेल्यावर कळतं की ही परग्रहावरची मंडळी नाहीत, माणसंच आहेत. ग्रॅव्ह ड्राइव्हचा शोध लागण्याआधी, दोनशे वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेलं हे ईसीएस कॉन्स्टंट. पिढ्यान्‌पिढ्या यानातच जगून, मरून ते आता ठरल्या ग्रहावर पोहोचलं, आणि तोवर मागून निघालेले लोक पुढे येऊन तिथे तरणतलाव बांधून बसले आहेत.

इथपर्यंत मी श्वास रोखून खेळत होतो. मग पर्याय समोर येतात. या लोकांना रिसॉर्टमध्ये राबायला लावा, स्वतःच्या खिशातून ग्रॅव्ह ड्राइव्ह घेऊन द्या म्हणजे ते दुसरीकडे जातील, किंवा यान उडवून द्या. अख्खा ग्रह रिकामा आहे, रिसॉर्ट एका किनाऱ्यावर आहे, पलीकडच्या खंडावर त्यांना राहू द्या, असं संचालक मंडळाला ठणकावून सांगायची सोयच नाही. अशा संचालकांना कोर्टात खेचायची, त्यांचं बिंग फोडायची, निदान चार शब्द सुनवून त्यांना हलवायची वाट नाही. ड्राइव्हचा पर्याय घेतला तर पुढचं काम म्हणजे वस्तू आणणं आणि निरोप पोहोचवणं. दोनशे वर्षांची वाट पाहणाऱ्या माणसांची गोष्ट शेवटी निरोप्याच्या फेऱ्यांवर येऊन संपते.

साथीदार सपाट का वाटतात?

सारा, सॅम, बॅरेट आणि आंद्रेया हे चौघे मुख्य साथीदार. प्रत्येकाची पूर्वकथा आहे, आवाज देणाऱ्यांचं कामही चांगलं आहे. अडचण अशी की बऱ्यावाईटाची त्यांची कल्पना जवळपास एकच. तुम्ही जरा वाकडं पाऊल टाकलंत की चौघांचीही नाराजी. मतभेद नाहीत, म्हणून गटात खटके उडत नाहीत, आणि खटके नाहीत म्हणून प्रवासात रंगत नाही. आंद्रेया तरी वेगळ्या, गुप्त पंथातून आलेली आहे. तिच्याकडून अधिक टोकाचं काही यायला हवं होतं.

(स्पॉयलर) साथीदाराच्या मृत्यूचा प्रसंग तरी परिणामकारक आहे ना?

हो. ‘हाय प्राइस टू पे’मध्ये हंटर हल्ला करतो. ‘आय’वर मदतीला जायचं की लॉजमध्ये, म्हणजे कॉन्स्टेलेशनच्या मुख्यालयात, थांबून तुकडे वाचवायचे, हे तुम्ही ठरवता. जिथे तुम्ही जात नाही तिथला एक साथीदार प्राणाला मुकतो. आधीपासून सूचना नाही, परत फिरायची संधी नाही. त्या रात्री गेम बंद करून मी बराच वेळ नुसता बसून होतो. शोकसभेत उरलेले लोक बोलतात तेव्हा लिखाणाला खरी धार येते. सॅम गेला तर त्याच्या लहानग्या मुलीचं, कोराचं काय, हा प्रश्न तर काळीज चिरतो. त्यानंतर कथा लगेच पुढच्या तुकड्याकडे वळते, त्याला माझा आक्षेप आहे.

(स्पॉयलर) न्यू गेम प्लसमुळे कथा अधिक खोल होते की उथळ?

न्यू गेम प्लस म्हणजे कथा संपल्यावर तीच पुन्हा पहिल्यापासून खेळणं. विचार म्हणून अप्रतिम. नवीन विश्वात जाताना यान, पैसा, घर, माणसं सगळं मागे राहतं. तुमची कौशल्यं आणि शक्ती तेवढ्या सोबत येतात. दुसऱ्यांदा खेळण्याला कथेतच कारण देणारे गेम मोजकेच, आणि त्यांत हा आहे.

क्वचित लॉजचं दार उघडल्यावर काहीतरी वेगळंच दिसतं. कधी सगळे सदस्य लहान मुलं असतात, कधी सगळे तुमचेच अवतार, कधी हंटर आधीच येऊन गेलेला असतो आणि कोणी जिवंत नसतं. एका विश्वात मोठी झालेली कोरा बापाचा सूड घ्यायला आलेली असते. हे प्रसंग जबरदस्त आहेत. पण वेगळेपण लॉजच्या भिंतींपुरतंच. बाहेरची शहरं, युद्धाचा इतिहास, निऑन शहराच्या गल्ल्या, सगळं तसंच. एका विश्वात त्या युद्धाचा निकालच वेगळा लागला असता तर? त्याऐवजी पुन्हा चोवीस मंदिरं वाट पाहत असतात.

मग या गेममध्ये चांगलं सांगितलेलं काही आहे का? (सौम्य स्पॉयलर)

आहे, आणि ते आवर्जून खेळा. व्हॅनगार्डची, म्हणजे युनायटेड कॉलनीज या सत्तेच्या स्वयंसेवी दलाची, मिशनमाला सगळ्यात चांगली बांधलेली आहे. भरती, संग्रहालयातून इतिहासाची सफर, उड्डाणाची परीक्षा, मग टाऊ सेटी २ वरची एक शांत, शंका यावी इतकी शांत वसाहत. टेररमॉर्फ नावाचा प्राणी माणसांच्या वस्तीत अचानक उगवतो कुठून, हे कोडं. त्याचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर सुरुवातीपासून असतं: यानांना चिकटून गावोगाव पसरणारे हीटलीच, ज्यांच्याकडे सगळे किरकोळ उपद्रव म्हणून पाहतात, तेच पुढे टेररमॉर्फ होतात. कोडं आधी पेरलं, मग वाढू दिलं, मग उकललं. मुख्य कथेत नेमकं हेच नाही.

दुसरं म्हणजे ‘एन्टँगल्ड’. एका संशोधन केंद्रात अपघातामुळे दोन वास्तवं एकमेकांत मिसळली आहेत. एकात केंद्र जळून, मोडून पडलं आहे, हिंस्र प्राणी मोकाट आहेत आणि राफाएल हा एकच माणूस जिवंत आहे. दुसऱ्यात दिवे लख्ख आहेत, कर्मचारी जिवंत आहेत आणि राफाएल मेला आहे. तुम्ही क्षणात इकडून तिकडे जाता. इकडे वाट बंद असेल तर तिकडच्या त्याच जागेतून पुढे सरकता. शेवटी कोणाला वाचवायचं हे ठरवावं लागतं, आणि नीट डोकं लावलंत तर तिसरीही वाट सापडते. एक जागा, मोजकी माणसं, आणि तुमच्या प्रत्येक पावलाचा कथेशी संबंध. इथे मेहनत आणि रहस्य एकत्र चालतात.

रिकामे ग्रह वास्तवाला धरून नाहीत का? अवकाश रिकामंच असतं.

बेथेस्डाकडूनही अशाच अर्थाचं उत्तर दिलं गेलं होतं: अंतराळवीर चंद्रावर गेले तेव्हा तिथे काही नव्हतं, तरी ते कंटाळले नव्हते. मला हे पटत नाही. चंद्रावर पोहोचायला त्यांना दिवस लागले, जीव धोक्यात होता, आणि परत येण्याची खात्री नव्हती. त्या रिकामेपणाला प्रवासाने अर्थ दिला होता. इथे तुम्ही एका बटणावर उतरता.

शिवाय ग्रह पूर्ण रिकामे ठेवलेलेच नाहीत. हजाराहून अधिक ग्रहांवर ठरावीक इमारती पुन्हा पुन्हा पेरल्या आहेत. बर्फाने गोठलेली एक प्रयोगशाळा आहे. पहिल्यांदा तिथल्या चिठ्ठ्या वाचून अंगावर काटा येतो. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर तीच प्रयोगशाळा, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी आणि त्याच कोपऱ्यात तेच प्रेत सापडलं की आधीची भीतीसुद्धा मनातून उतरते. खरोखर रिकामा ग्रह त्यापेक्षा बरा.

नंतरच्या अपडेटनी आणि डीएलसीने काही सुधारलं का?

खेळणं सुधारलं. २०२४ मध्ये शहरांचे नीट नकाशे आले, अडचणीची पातळी बारकाईने ठरवण्याची सोय आली आणि जमिनीवर फिरायला रेव्ह-८ ही गाडी आली. माळावरची पायपीट त्यामुळे खूपच कमी झाली.

कथेच्या दृष्टीने ‘शॅटर्ड स्पेस’ हे विस्तारित प्रकरण ३० सप्टेंबर २०२४ ला आलं. आंद्रेया ज्यातून आली त्या व्हारून पंथाचा ग्रह, दाझ्रा हे शहर, सगळं हाताने घडवलेलं आणि एका जागी. चालत फिरताना जुन्या गेमची आठवण येते, वातावरणही गूढ आहे. पण तिथेही तीन घराण्यांची भांडणं मिटवत एका दारातून दुसऱ्या दारात जावं लागतं, आणि एवढ्या भयंकर पंथाच्या श्रद्धेला कथा भिडत नाही. स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर त्याचं स्वागत थंडच झालं.

आत्ता नव्याने खेळायचा असेल तर कोणत्या क्रमाने खेळावा?

न्यू अटलांटिसला पोहोचलात की लॉजमध्ये हजेरी लावा आणि लगेच व्हॅनगार्डमध्ये भरती व्हा. ती माला संपली की क्रिमसन फ्लीट. मुख्य कथा त्यांच्या मधेमधे घ्या. मंदिरं ओळीने करू नका, मिशनमध्ये आवश्यक असेल तेवढंच करा आणि बाकीची सोडून द्या. शक्ती कमी राहिल्या तरी लढायांत काही अडत नाही. ‘किड स्टफ’ हा गुण सुरुवातीला निवडा. तुमच्या चेहऱ्यामोहऱ्याचे आईवडील न्यू अटलांटिसमध्ये राहतात, दर आठवड्याला तुमच्या पैशातला थोडा वाटा त्यांना जातो, आणि कधीकधी ते भलत्याच ठिकाणी अचानक भेटतात. या गेममधली घरपणाची ऊब मला त्यांच्याकडेच मिळाली.

(स्पॉयलर) शेवटी युनिटीत पाऊल टाकावं का?

आधी सगळ्या संघटनांच्या मिशनमाला पूर्ण करा, कारण पलीकडे गेल्यावर त्या पहिल्यापासून सुरू होतात. युनिटीच्या दारातून परत फिरता येतं, कथा त्याला मज्जाव करत नाही. मी पहिल्यांदा गेलो, कारण पलीकडे काय आहे ते पाहायचं होतं. आता कोणी विचारलं तर सांगतो, एकदा जा, लॉजचं दार उघडून पाहा. तिथे नेहमीचीच मंडळी दिसली, तर जुना सेव्ह उघडून आपल्या आईवडिलांकडे परत या.